कंपनीचा लॅपटॉप हरवण्याआधी आणि हरवल्यावर: सोलापुरातल्या छोट्या ऑफिसांसाठी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल निर्यातदाराचा लॅपटॉप उघडला, तर आत काय काय सापडते? परदेशी गिऱ्हाइकांना दिलेले दर, टॅलीचा डेटा, ब्राउझरमध्ये साठवलेला जीएसटी पोर्टलचा पासवर्ड, बँकेचे लॉगिन आणि दिवसभर चालू असलेले व्हॉट्सअ‍ॅप वेब. युनिफॉर्म शिवणाऱ्यांकडे शाळांच्या याद्या असतात, त्यात मुलांची नावे आणि मापे. सीएच्या ऑफिसात तर परक्यांचीच कुंडली असते: पॅन, आधार, ताळेबंद. लॅपटॉप गेला तर नवा घेता येतो. ही माहिती भलत्याच्या हाती लागली, तर ती परत घेता येत नाही.

तरीही बहुतेक मालकांची पहिली मागणी एकच असते, "यात ट्रॅकर टाकून द्या, गेला तर शोधता येईल." मी हे काम करताना ट्रॅकर शेवटी बसवतो. चोरीचा लॅपटॉप सापडेल की नाही, हे चोर तो इंटरनेटला जोडतो का, यावर अवलंबून असते. आतली माहिती वाचता येणार नाही, एवढी व्यवस्था मात्र आज संध्याकाळपर्यंत करता येते. म्हणून खालचा क्रम तसाच ठेवा: आधी नोंद, मग इन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करणे), मग खाती आणि बॅकअप, आणि त्यानंतर ट्रॅकिंग.

नोंदवही

ऑफिसातल्या प्रत्येक लॅपटॉपची कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर, खरेदीची तारीख, बिलाची प्रत आणि सध्या तो कोणाकडे आहे, हे एका ठिकाणी लिहा. डेलच्या लॅपटॉपवर सिरीयल नंबरच्या जागी सर्व्हिस टॅग असतो. पोटाखालच्या स्टिकरवर भरवसा ठेवू नका. वर्षभर घासून तो पुसट होतो आणि चोर सगळ्यात आधी तोच खरवडतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर, दिसणारा नंबर त्याला सहजी बदलता येत नाही, म्हणून त्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून नोंदीला जोडा. मॅकवर वरच्या सफरचंदाच्या मेनूत 'अबाउट धिस मॅक'मध्ये नंबर मिळतो.

फिर्याद आणि विम्याचा दावा, दोन्हीकडे हाच नंबर मागतात. "काळ्या रंगाचा एचपी" एवढ्यावर कोणी काही शोधू शकत नाही. मोबाइलसारखा आयएमईआय क्रमांक साध्या लॅपटॉपला नसतो. तो फक्त सिमकार्ड बसणाऱ्या मॉडेलना असतो. त्यामुळे संचार साथी पोर्टलवरून फोन ब्लॉक करता येतो, तशी सोय इथे नाही.

आणि ही यादी त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका.

इन्क्रिप्शन: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

विंडोजचा पासवर्ड म्हणजे फक्त दारावरची कडी. हार्ड डिस्क किंवा एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला लावली, की पासवर्ड न विचारता सगळ्या फाइली उघडतात. नवी पेठेत लॅपटॉप दुरुस्त करणारा कोणताही पोरगा हे चुटकीसरशी करून दाखवेल. डिस्क इन्क्रिप्ट केलेली असेल, तर त्याच डिस्कवर त्याला नुसता कचरा दिसतो.

विंडोज प्रोमध्ये यासाठी बिटलॉकर आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये 'बिटलॉकर ड्राइव्ह इन्क्रिप्शन' उघडा आणि सी ड्राइव्हसाठी ते चालू करा. डी ड्राइव्ह वेगळा असेल, तर त्यालाही लावा, कारण टॅलीचा डेटा बहुधा तिथेच असतो. विंडोज होममध्ये पूर्ण बिटलॉकर मिळत नाही. पण बऱ्याच नव्या लॅपटॉपवर सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस इन्क्रिप्शन' असते, ते चालू करा. हा पर्यायच दिसत नसेल, तर प्रोचे लायसन्स घ्या. धंद्याच्या लॅपटॉपवर हा खर्च मी टाळू देत नाही. मॅकवर याच कामासाठी फाइलव्हॉल्ट आहे.

चालू केल्यावर तपासताना एक गोष्ट बारकाईने बघा. कधी कधी ड्राइव्हच्या चित्रावर कुलूप दिसते, पण सोबत पिवळा त्रिकोण असतो आणि बिटलॉकरच्या पानावर 'वेटिंग फॉर अ‍ॅक्टिव्हेशन' लिहिलेले असते. याचा अर्थ डिस्क इन्क्रिप्ट झाली आहे, पण तिची किल्ली डिस्कवरच उघडी पडली आहे. असा लॅपटॉप चोरीला गेला, तर इन्क्रिप्शनचा उपयोग शून्य. त्या पानावर 'टर्न ऑन' करून किल्ली सुरक्षित जागी साठवली, की त्रिकोण जातो. दुकानदाराने सेटअप करून दिलेल्या लॅपटॉपवर हे आवर्जून बघा.

आता किल्लीबद्दल. बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की देतो. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही बदल झाले, की लॅपटॉप निळ्या स्क्रीनवर हे ४८ अंक मागतो. ते नसतील, तर मालकालाही स्वतःचा डेटा मिळत नाही. आपल्याकडे नेहमी होते ते असे: नवा लॅपटॉप आला, कर्मचाऱ्याने स्वतःच्या ईमेलने तो सुरू केला, विंडोजने इन्क्रिप्शन आपोआप चालू करून किल्ली त्याच्या वैयक्तिक मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये टाकली. दीड वर्षाने तो नोकरी सोडून पुण्याला गेला. त्यानंतर निळी स्क्रीन आली, की ऑफिस त्याला फोन करत बसते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलवर हे इन्क्रिप्शन आणखी जास्त मशीनवर आपोआप चालू होते, त्यामुळे हा प्रसंग आता वरचेवर येतो.

म्हणून पहिला सेटअप कंपनीच्या अकाउंटनेच करा. किल्लीची एक छापील प्रत लॉकरमध्ये ठेवा आणि दुसरी कंपनीच्या अ‍ॅडमिन अकाउंटमध्ये. लॅपटॉपच्या बॅगेत ती चुकूनही ठेवू नका.

प्रवासात झाकण मिटले की लॅपटॉप फक्त झोपतो, बंद होत नाही. झोपलेल्या लॅपटॉपची किल्ली मेमरीत जागीच असते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर मुंबईला जाणाऱ्या सेल्सच्या माणसाला एवढे सांगा, की स्टेशनला निघण्याआधी लॅपटॉप शट डाउन करायचा. शट डाउन जमत नसेल तर हायबरनेट, म्हणजे उघडे काम डिस्कवर साठवून लॅपटॉप पूर्ण बंद होतो.

आणखी एक निर्णय मालकाने स्वतः घ्यायचा आहे. बिटलॉकरला सुरुवातीचा पिन लावता येतो, म्हणजे पिन टाकल्याशिवाय विंडोज सुरूच होत नाही. सुरक्षा पक्की होते, पण ट्रॅकिंग जवळपास संपते. विंडोजच सुरू झाले नाही, तर ठिकाण कळवणार कोण? पिन नसेल तर लॅपटॉप लॉगिन स्क्रीनपर्यंत येतो, तिथून वायफाय जोडता येते आणि ट्रॅकरला एक संधी मिळते. माझा सल्ला असा: अकाउंट्स, सीए आणि खुद्द मालकाच्या लॅपटॉपला पिन लावा. फिरतीवरच्या लॅपटॉपला पिन नको, पण त्यात डेटाही कमीत कमी ठेवा.

खाती, टोकन आणि बॅकअप

कर्मचाऱ्याच्या रोजच्या लॉगिनला अ‍ॅडमिन अधिकार देऊ नका. बायोसला पासवर्ड लावा आणि पेनड्राइव्हवरून बूट होणे बंद करा. ईमेलला दुहेरी पडताळणी लावा. टॅलीत कंपनी डेटाला टॅलीव्हॉल्ट पासवर्ड लावला, की नुसते फोल्डर उचलून नेणाऱ्याला काही उघडता येत नाही. पण तो पासवर्ड विसरलात तर तुम्हालाही उघडता येणार नाही, तेव्हा तोही लॉकरमध्ये लिहून ठेवा. लॅपटॉप अजून विंडोज १० वर असेल, तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला आहे, हे लक्षात घ्या.

डिजिटल सिग्नेचरचे यूएसबी टोकन लॅपटॉपलाच खोचून ठेवायचे आणि पिन त्यावर चिकटवायचा, हा प्रकार अनेक ऑफिसांत दिसतो. तो आजच बंद करा. त्या टोकनवर मालकाची कायदेशीर सही आहे. ते वेगळ्या पाकिटात, शक्यतो ऑफिसच्या कपाटातच राहू द्या.

बॅकअपशिवाय पुढचे सगळे लटकते. लॅपटॉप गेला की त्यातला डेटा दुरून पुसायचा आदेश देता येतो, पण बॅकअप नसेल तर ते बटण दाबायला कोणाचाच हात धजत नाही. "थांबा, सापडेल कदाचित" म्हणत चार दिवस जातात. कामाची फोल्डरे वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हशी जोडा, टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी वेगळ्या डिस्कवर घ्या आणि महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल खरोखर उघडून बघा.

ट्रॅकिंग बसवताना

लॅपटॉपमध्ये सहसा जीपीएस नसतो. आसपासच्या वायफाय राउटरांवरून तो आपली जागा ओळखतो. दाट वस्तीत, समजा साखर पेठेत, हा अंदाज बऱ्यापैकी जवळचा येतो. माळरानावरच्या ढाब्यावर तो फार ढोबळ असतो. वायफायवरून जागा कळली नाही, तर इंटरनेटच्या आयपी पत्त्यावरून अंदाज लावला जातो, आणि तेव्हा सोलापुरातला लॅपटॉप नकाशावर पुण्यात किंवा मुंबईत दिसू शकतो, कारण इंटरनेट कंपनीचा मार्ग तिथून जातो. नकाशावरचा ठिपका पाहून गाडी काढण्याआधी हे आठवा.

चार-पाच लॅपटॉप असलेल्या ऑफिसाला विंडोजमधले 'फाइंड माय डिव्हाइस' पुरते. विंडोज ११ मध्ये ते 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त आहे. त्यासाठी लोकेशन चालू हवे आणि अ‍ॅडमिन म्हणून साधे मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडलेले हवे. ऑफिसच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ अकाउंटवर ते चालत नाही, इथेच अनेकांची गल्लत होते. कंपनीच्या नावाने एक वेगळे मायक्रोसॉफ्ट अकाउंट काढा, त्याला दुहेरी पडताळणी लावा आणि त्याचा पासवर्ड दोघांकडेच ठेवा. यातून ठिकाण बघता येते, लॅपटॉप लॉक करता येतो. डेटा पुसता येत नाही. मॅकवरच्या 'फाइंड माय'मधून पुसताही येते, आणि टी२ चिप किंवा अ‍ॅपल सिलिकॉन (कंपनीचा स्वतःचा प्रोसेसर) असलेला मॅक अ‍ॅक्टिव्हेशन लॉकमुळे फॉरमॅट करूनही चोराच्या कामाचा राहत नाही. मात्र तो लॉक कर्मचाऱ्याच्या खासगी अ‍ॅपल अकाउंटला बांधलेला असेल, तर तो नोकरी सोडताना तुम्हीच अडकाल.

लॅपटॉप दहा-पंधराच्या पुढे गेले, की एका जागेवरून सगळे सांभाळणारी व्यवस्था घ्या. मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियममध्ये इंट्यून ही अशी व्यवस्था येते आणि ही योजना ३०० जणांपर्यंत चालते. त्यात बिटलॉकर सगळ्यांवर सक्तीने लावता येतो, ४८ अंकी किल्ल्या आपोआप एका ठिकाणी जमा होतात, आणि 'लोकेट' व 'वाइप' ही बटणे मिळतात. झोहोच्या मॅनेजइंजिनचे एंडपॉइंट सेंट्रल, हेक्सनोड, प्रे हे इतर पर्याय. मी निवडताना दोनच गोष्टी बघतो: किल्ली जमा होते का, आणि पुसण्याचा आदेश लॅपटॉप ऑफलाइन असताना दिला तर तो रांगेत थांबतो का.

चोराने विंडोज नव्याने टाकले, की साधा ट्रॅकर निघून जातो. डेल, एचपी, लेनोवोच्या बिझनेस मॉडेलांत अ‍ॅब्सोल्यूट नावाची व्यवस्था फर्मवेअरमध्येच, म्हणजे मदरबोर्डच्या चिपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये, दिलेली असते आणि ती नव्या विंडोजमध्येही परत उभी राहते. तिचे लायसन्स घेऊन ती चालू करावी लागते. परदेशी गिऱ्हाइकांचे डिझाइन सांभाळणाऱ्यांनी तिचा विचार करावा, बाकीच्यांना तेवढी गरज नाही.

बसवून झाले की रंगीत तालीम घ्या. एक जुना लॅपटॉप कोणाला तरी जुळे सोलापुरात घरी न्यायला सांगा आणि ऑफिसातून तो शोधा, लॉक करा आणि तशी सोय असेल तर पुसा. किती वेळ लागला, कोणता पासवर्ड कोणाला आठवला नाही, हे सगळे त्या दिवशीच कळून जाईल.

माणसांना सांगून करा

ट्रॅकिंग लपवून करू नका. सोलापुरात बसून पुण्याच्या कंपन्यांचे काम करणारी मुले-मुली आता गल्लोगल्ली आहेत. लॅपटॉप त्यांच्या घरात असतो, म्हणजे त्याचे ठिकाण हे त्यांच्या घराचे ठिकाण असते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नोकरीच्या कारणासाठी आणि कंपनीचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला वाट देतो, पण रात्री कोण कुठे आहे हे बघत बसण्याची ती मुभा नव्हे. लॅपटॉप देतानाच्या कागदावर एवढा मजकूर घाला आणि सही घ्या:

"हा लॅपटॉप कंपनीच्या मालकीचा आहे. तो हरवल्यास किंवा चोरीस गेल्यास त्याचे ठिकाण पाहण्याचा, तो लॉक करण्याचा व त्यातील माहिती पुसण्याचा अधिकार कंपनीला राहील. इतर वेळी ठिकाण पाहिले जाणार नाही. लॅपटॉप हरवल्याचे लक्षात येताच पुढील क्रमांकावर लगेच फोन करावा. वेळेत कळवणाऱ्या व्यक्तीवर त्या कारणासाठी कारवाई होणार नाही."

शेवटचे वाक्य मालकांना खटकते. ते काढू नका. पगारातून पैसे कापतील या भीतीने माणूस दोन दिवस गप्प राहतो, आणि हेच दोन दिवस चोराला हवे असतात.

लॅपटॉप गेला, आता काय

कुर्डुवाडी सोडल्यावर लक्षात आले की वरच्या बर्थवरची बॅग नाही. ऑफिसात फोन येतो, "मालक, बॅग गेली." ओरडू नका. पहिले तीन प्रश्न हे विचारा: लॅपटॉप बंद होता की झोपवलेला? टोकन आत होते का? मोबाइल तुझ्याकडे आहे ना? पुढचे काय करायचे, ते या उत्तरांवर ठरते.

मोबाइल जवळ असेल, तर त्याला तिथल्या तिथे व्हॉट्सअ‍ॅपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन लॅपटॉप लॉगआउट करायला सांगा. ऑफिसातून त्याच वेळी त्याचा ईमेल पासवर्ड बदला आणि सगळ्या ठिकाणची लॉगिन तोडा. मायक्रोसॉफ्ट आणि गुगल दोन्हींच्या अ‍ॅडमिन पानावर ही सोय आहे. नुसता पासवर्ड बदलून थांबू नका, आधी उघडलेले सेशन काही काळ तसेच चालू राहू शकते. मग बँक, जीएसटी, ई-वे बिल यांचे पासवर्ड. टोकन गेले असेल, तर ज्या संस्थेने ते दिले तिला कळवून सर्टिफिकेट रद्द करून घ्या.

त्यानंतर लॉक आणि लोकेट. ठिकाण दिसले, तर वेळेसह स्क्रीनशॉट काढा आणि तो पोलिसांना द्या. स्वतः त्या पत्त्यावर जाऊ नका, चार मित्र घेऊनही नाही.

पुसायचे कधी, याचा माझा नियम साधा आहे. बिटलॉकर चालू होता आणि लॅपटॉप शट डाउन होता, तर दोन-तीन दिवस ठिकाण मिळते का बघा, मग पुसा. इन्क्रिप्शन नव्हते किंवा लॅपटॉप जागा होता, तर आदेश लगेच द्या. एकदा पुसला, की ट्रॅकिंग बहुधा तिथेच संपते, हे धरून चाला. आणि आदेश पूर्ण झाल्याचे दिसेपर्यंत लॅपटॉप व्यवस्थापनाच्या यादीतून काढू नका. काढला तर आदेश पोचणारच नाही.

रेल्वेत चोरी झाली असेल, तर टीटीई किंवा गाडीतल्या पोलिसांना सांगा, रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर कळवा आणि पुढच्या स्टेशनवर रेल्वे पोलिसांकडे फिर्याद द्या. शहरात झाली असेल, तर जवळच्या ठाण्यात. "हद्द आमची नाही" असे कोणी म्हणाले, तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे नम्रपणे सांगा. त्याच कलमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक मार्गानेही फिर्याद देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. साध्या चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येतो, रेल्वेसारख्या प्रवासी वाहनातल्या चोरीचा कलम ३०५ खाली. हरवल्याचा दाखला घेऊन परत येऊ नका, विमा कंपनी चोरीच्या दाव्यासाठी एफआयआर मागते. फिर्यादीत सिरीयल नंबर आणि चार्जर, टोकन, डिस्क अशा बाकीच्या वस्तूही लिहा. बँक खात्यातून पैसे गेले, तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

लॅपटॉपमधल्या डेटात किंवा त्यावरून कंपनीच्या सिस्टिममध्ये कोणी शिरल्याचे लक्षात आले, तर सर्ट-इनच्या (सायबर हल्ल्यांची दखल घेणारी केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार तिला सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आहेत आणि त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतात. तेव्हापासून ज्यांची माहिती फुटली त्यांनाही सांगावे लागेल. सुरक्षेत कसूर केल्यास दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. सीए मंडळींनी तोपर्यंत थांबू नये. अशिलाला बातमी बाहेरून कळण्याआधी आपणच फोन करावा.

लॅपटॉप सापडलाच, तर तो मुद्देमाल असतो. न्यायालयात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर (मागितल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर) तो मिळतो, आणि त्यासाठी बिल व सिरीयल नंबर पुन्हा लागतात. हातात आला की लगेच ऑफिसच्या वायफायला जोडू नका. आत काय टाकले आहे, ते कोणी सांगू शकत नाही. खटल्यासाठी तो जसाच्या तसा ठेवायचा आहे का, हे तपास अधिकाऱ्याला विचारा. त्याने हरकत नाही म्हटले, की डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाका, बिटलॉकर पुन्हा चालू करा, नवी किल्ली लॉकरमध्ये ठेवा आणि वहीत तारीख घालून नोंद करा.